नाव घेतलं की दोराला हात

डावा दोर

डाव्या दोराला मलरअक्का, तिची जाऊ आणि चर्चची घंटा वाजवणारा म्हातारा संथियापिल्लै. इतकेच. रापणीचं मोठं जाळं काठावर ओढायला एका बाजूला पंधरा-वीस माणसं लागतात. जाळं पहाटेच टाकून झालं होतं. आता ते समुद्रात होतं आणि ओढायला कोणी नव्हतं.

आज अक्काच्या जाळ्याचा नंबर होता. आमच्या किनाऱ्यावर नंबराच्या दिवशी जाळं वर आलं नाही, तर त्या जाळ्याचा हक्क जातो. गावाचं हे एकच जाळं उरलेलं, बाकीचे नंबर दक्षिणेकडच्या व्यापाऱ्याने घेतलेले. हाही हक्क सुटला की घ्यायला त्याचा ट्रॅक्टर माडाखाली उभाच होता. ट्रॅक्टरला दोर ओढायला माणसं लागत नाहीत. ड्रायव्हर पान चघळत बसला होता.

उजवा दोर

उजव्या दोराला मी आणि अक्काचा दीर सूसै. बाकीचा गाव आपापल्या होडीला टेकून बघत होता.

त्या होड्या सुनामीच्या मोठ्या लाटेनंतर मदत म्हणून आल्या. परदेशी साहेब घरं मोजत फिरले. एक घर, एक होडी. न्हाव्यालाही मिळाली, ज्याला पाण्यात उलट्या होतात. दोर कोणी मोजले नाहीत. सगळेच मालक झाले, आणि मालक दुसऱ्याचा दोर ओढत नाही. पुढे काठची मासळी विरळ झाली, इंजिनांचे सुटे भाग मिळेनात. होड्या उपड्या पडल्या, मालकी सुटली नाही. माझ्या होडीखाली कोंबड्या अंडी घालतात, म्हणून मला दोर धरायची लाज उरली नाही.

सूसैने ओरडून विचारलं, दोर कापून मोकळे होऊ या का.

डावा दोर

अक्काने अंबा धरली.

हे ओढायचं गाणं बायका सांगत नाहीत. त्यात ज्याचं नाव येईल त्याने दोराला हात लावायचा, नाहीतर गाण्यातच उत्तर द्यायचं. गप्प बसणाऱ्याच्या मयताला लोक उशिरा पोचतात.

"अरुळनेसन होडीवाला, ओढा. होडीवर त्याच्या मिरच्या वाळतात, ओढा."

"ओढा," म्हातारा म्हणाला.

अरुळनेसन कमरेचं सारम वर खोचून दोराशी आला.

उजवा दोर

"मरियदास न्हावी, ओढा. समुद्राची दाढी करायला गेला, अर्ध्यातच ओकला, ओढा."

न्हावी तयारच होता. "जाळं फाटकं, मालकीण खाष्ट. आम्हाला वाटा कसला?"

"हात लावेल त्याला सारखाच, ओढा."

न्हावी हसत आला. मागून त्याची बायकोही आली, तिचं नाव कोणी घेतलं नव्हतं.

डावा दोर

मग नावामागून नाव. अक्काचा आवाज बसला, तेव्हा अरुळनेसनने पुढची नावं घेतली, आणि स्वतःच्या भावाला सगळ्यात घाण शिवी दिली.

उजवा दोर

टाच वाळूत रुतवून मागे. पुन्हा टाच.

खोळ

दोन्ही दोर एकत्र आले. जाळ्याच्या खोळीत तारलीची मासळी होती, फार नाही. ड्रायव्हर उठून बघायला आला.

"तुझं नाव काय रे, बाबा?" अक्काने बसक्या आवाजात विचारलं. "पुढच्या नंबराला लागेल."

त्याने ट्रॅक्टर सुरू केला आणि निघून गेला.

अक्का वाटे घालायला बसली. न्हाव्याने खोळीतलं भोक बोटांनी ताणून पाहिलं आणि सुई मागितली.