इंद्रभानचे एकसष्ट गोल

फुटबॉल ज्यानं काढला त्याले घरी काही कामधंदा नसन, हे माह्यं पक्कं मत आहे. बावीस धडधाकट माणसं अर्ध्या चड्ड्या घालून एका चामड्यामागं धावतात, अन् हजार रिकामटेकडे उन्हात बसून गळे फाडतात. तरीबी तुमी खामगावात, मलकापुरात कोणालेबी विचारा, नांदुऱ्याचा सेंटर फॉरवर्ड कोण होता? माणूस सांगन, इंद्रभान. दोन वर्सांत एकसष्ट गोल. अकोल्याच्या पेपरात नाव छापून येत होतं.

तो इंद्रभान म्हणजे मी. अन् बाप्पा, आजलोक म्या फुटबॉलले पाय लावला नाही.

झालं असं का, आमच्या कापसाच्या जिनिंगचे मालक नारायणराव, त्याइले कपाचं याड लागलं. नवीन राज्य होऊन दोन-तीन वर्सं झालती, गावोगावी टूर्नामेंटी निंघाल्या होत्या. दुसऱ्या जिनिंगवाल्याच्या हापिसात चांदीवानी चमकते कप, अन् आमच्या कपाटात नुसते बोंडअळीचे नमुने. नियम असा, का कारखान्याच्या हजेरीबुकात ज्याचं नाव असन त्यानंच खेळाव. आमचे माणसं गठाणी उचलणारे. त्याइच्यापुढं बॉल टाकला तं उचलून डोक्यावर घेतीन अन् विचारतीन, कुठी ठेवू मालक?

मंग नारायणरावनं देऊळघाटचा पुंजाजी आणला. दुसऱ्याच्या मळ्यात भाजीले पाणी देणारा माणूस, चौथी शिकेल. पण पैसे घेऊन खेळणं हाच त्याचा खरा धंदा होता. या आठवड्यात चिखलीवाल्याइकडून, पुढच्या आठवड्यात मेहकरवाल्याइकडून. मोटारीचं भाडं अन् जेवण देलं का कोणाच्याबी नावानं मैदानात उतरे. म्या नारायणरावले म्हटलं, मालक, मंग त्यालेच हजेरीवर घ्या ना. त्याइनं माह्याकडं असं पाह्यलं का जसं म्या शेण खाल्लं.

"हजेरीवर घेतला तं रोजची मजुरी द्या लागन, इंद्रभान. मले तो दीड घंटाच पाहिजे."

वा रे अक्कल! मी काट्यावर कापसाचं वजन करत होतो, मॅट्रिक पास, उमर पुंजाजीएवढीच. फोटो-बिटो त्या वक्ती कोण मागते? पुंजाजी माह्या नावानं खेळाले लागला.

अन् मी? एका नावाचे दोन माणसं दिसले तं कप जप्त. म्हणून मॅच असली का मले सरकीच्या गोदामात कोंडत, वरून कुलूप. साळीच्या लग्नाले मले जाता आलं नाही, काऊन का त्या दिशी मी मलकापुरात खेळून राह्यलो होतो. माही बायको कोकिळा म्हणे, "गोल त्यानं मारायचे अन् सरकीत तुमी बसायचं. माणूस हा का म्हैस?" तिचं तोंड लय फाटकं, पण बोलणं चुकीचं नव्हतं. पुंजाजी हवेसारखा पळते म्हणत. पळत असन. म्या त्याचा एक गोल पाह्यला नाही.

चौसष्ट साली खामगावच्या फायनलमधी त्यानं तीन गोल मारले. पाहुण्याइत एका कापडगिरणीचा साहेब बसेल होता. गिरणी खानदेशातली. तिचं नाव सांगत नाही, आजबी पगार तिथलाच खातो. आठ दिवसानं जिनिंगवर कागद आला, माह्या नावाचा. इंद्रभानले गिरणीच्या टीममधी फॉरवर्ड म्हणून घ्याचं आहे. नोकरी कायमची, राहाले खोली. पंधरा तारखेच्या आत शाळेचा दाखला घेऊन हजर व्हा.

रविवारी पुंजाजी आला, तवा म्या त्याले वाचून दाखवला. उभा होता, तो खालीच बसला.

"खोली देतीन म्हन्ते?"

"हाव."

"माय अन् बायको दोघीबी राह्यल्या तं चालन?"

"मी का गिरणीचा मालक आहो बे?"

त्यानं तो कागद उलटा-सुलटा पाह्यला. वाचता तं धड येत नव्हतं. मंग माह्या पायाशी सरकला. "भाऊ, तू माह्यासंगं चाल. साहेबाले सांग, नाव माह्यं हाये पन गोल याचे हायेत. साहेबानं मले डोयानं पाह्यलं, त्याले पटन. मले आता तिसावं सरलं. दोन-तीन वर्सं पाय चालतीन, मंग कोन बलावन? हे गेलं तं मरेलोक दुसऱ्याच्या मळ्यात पानीच देत बसा लागन."

खरं सांगू? मले त्याची कीव नाही आली, राग आला. साऱ्या जिल्ह्याले नाचवणारा माणूस, अन् काट्यावरच्या कारकुनाच्या पाया पडून राह्यला! अशा माणसाले कोणीबी लुबाडणारच. तरी म्या हाव म्हटलं. पुढच्या सोमवारी सकाळच्या गाडीनं दोघं जाऊ, असं ठरलं.

मी शनिवारीच गेलो.

आता तुमी म्हणान, काऊन? जिनिंग होळीच्या मागंपुढं बंद होते, मंग दिवाळीलोक मी घरी माशा मारतो, हे काऊन नाही विचारत? लिफाफ्यावर नाव कोणाचं होतं? दाखला कोणाचा लागत होता? अन् खोटं नाही सांगत, घरून निंघालो तवा साहेबाले खरं सांगाचंच मनात होतं. आधी जाऊन रस्ता साफ करून ठेवतो, असं मनाले समजावलं. मनाले काय, जे सांगान ते पटते.

साहेब मुंबईले गेला होता. बडे बाबूनं दाखला पाह्यला, कागद पाह्यला, नाव जुळवलं अन् पेन पुढं केला. "इथे सही करा." माह्याच नावाची सही, तिच्यात खोटं काय? केली. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, तो कसा बसत असन ते मले त्या दिशी समजलं. काही फुसफुस करा लागत नाही, नुसतं आत सरका लागते.

साहेब आठ दिवसानं आला. मले खालून वर पाह्यलं. "मैदानात तुम्ही उंच वाटत होता."

"लांबून तसं दिसते साहेब," म्या म्हटलं.

लांबून माणूस लहान दिसते हे शेंबड्या पोट्ट्यालेबी समजते. पण साहेब मान हलवून राह्यला. येवढे शिकेल लोकं, अन् डोक्यात नुसता भुसा. प्रॅक्टिसले बलावलं तवा म्या सांगतलं, खामगावच्या फायनलमधीच गुडघा गेला. साहेबाचं तोंड असं उतरलं, जसा त्याचाच गुडघा गेला. त्यानं डॉक्टर पाठवला, मालिशचं तेल पाठवलं. डॉक्टरनं गुडघा दाबला, मी ओरडलो, त्यानं लिहून घेतलं. मंग साहेबानं मले कापडखात्यात टेबल देलं. म्हणे, एवढ्या मोठ्या खेळाडूला वाऱ्यावर कसं सोडायचं! मी उजवा पाय ओढत ओढत टेबलापाशी जायचो, अन् गिरणीतले लोकं रस्ता देत.

कोकिळा सामान घेऊन आली तवा तिनं सांगतलं. पुंजाजी सोमवारी धुतेल कपडे घालून नांदुऱ्याच्या ठेसनावर उभा होता. सकाळची गाडी गेली, दुपारची गेली. संध्याकाळी आमच्या घरी आला तवा कोकिळानंच त्याले सांगतलं, ते परवाच गेले. तिनं भाकर वाढली, त्यानं खाल्ली नाही.

महिनाभरानं दुपारच्या सुट्टीत मी लंगडत गेटाबाहेर चहाले निंघालो, तं पुंजाजी समोर. मले म्हणाव वाटलं, मार बे, चार लोकाइत गचांडी धर माही. पण तोंडातून निंघालं, "चहा घेतं का?"

तितक्यात साहेब गेटातून बाहेर आला. साहेबानं पुंजाजीकडं जरा जास्तच पाह्यलं.

"कोण हे?"

"गावचा माणूस, साहेब."

"अस्सं! मग तुम्ही तर यांचा खेळ पाहिला असेल?"

पुंजाजीनं माह्याकडं पाह्यलं. एक शबूद बोलला असता, तं मी तिथंच संपलो असतो. "म्याच पाह्यला साहेब," तो म्हणे. "यानं नाही पाह्यला."

साहेब खुश झाला. "वा! खरं आहे. खेळणाऱ्याला स्वतःचा खेळ कुठे दिसतो!" अन् त्याच्या पाठीवर थाप मारून गेला.

"काऊन नाही सांगतलं?" म्या विचारलं.

"सांगून? तुले हाकलतीन, पन मले घेतीन का? माह्या नावाचा एक कागुद नाही, एक गोल नाही. खोट्या नावानं खेयलो म्हनून टूर्नामेंटवाले उलट मलेच बंद करतीन. तेवढं तं राहू दे."

तो निंघाला. चार पावलं गेला, अन् मंग काय वाटलं त्याले, फिरून माह्या पायाकडं पाह्यलं.

"कोन्ता पाय मोडला म्हनून सांगतलं?"

"उजवा."

"डॉक्टरलेबी उजवाच?"

"गुडघा म्हटलं. त्यानं लिहेल कोण वाचते?"

"मी डावखुरा हावो बे." तो बाजूले पचकन थुकला. "एकसष्टच्या एकसष्ट डाव्या पायानं मारले. उजवा गेला तं मी खेयनं काऊन सोडीन? नोकरी खाल्ली माही, खोली खाल्ली. पन तुले लंगडताबी येत नाही."

चहा न घेता तो ठेसनाच्या रस्त्यानं गेला.

दुसऱ्या दिवसापासून मी डावा पाय ओढाले लागलो. साहेबाच्या, डॉक्टरच्या, कोणाच्याच ध्यानात आलं नाही.