बिनराळेचा गज

उत्पलाला पाहायला पिंपळे सौदागरहून मंडळी आली होती. चहा झाला, पगाराची चौकशी झाली, मग मुलाची आई म्हणाली, "व्हायोलिन वाजवतेस म्हणे? आमच्या सोसायटीत असली कटकट चालायची नाही हं, लग्नानंतर ते बंद. पण आज ऐकव की एखादं!"

उत्पलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बंदही करायचं आणि वर यांची करमणूकही करायची!

ती आत गेली. व्हायोलिनच्या गजाला कालच घोड्याचे नवे केस बसवून आणले होते. राळेची वडी घासल्याशिवाय असले कोरे केस तार पकडत नाहीत, नुसते घसरतात. तिने वडी उचलली, जरा विचार केला आणि कुर्त्याच्या खिशात टाकली.

बाहेर येऊन तिने डोळे मिटून अख्खं गाणं वाजवलं. हात डौलात फिरला, बोटं तारांवर नाचली, पण आवाज म्हणाल तर कागदावर कागद घासल्याएवढाही नाही.

"बिघडलंय का गं?" मुलाच्या आईने विचारलं.

"नाही काकू. तुमच्या सोसायटीत चालेल तसं वाजवलं."

उत्पलाने खिशातली वडी काढली आणि सगळ्यांदेखत गजावर घासायला लागली, अगदी निवांत, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिची आई डोळ्यांनी दटावत होती. बाबा उठले. आता ओरडणार, असं उत्पलाला वाटलं.

त्यांनी जाऊन खिडकी सताड उघडली.

"हं," ते म्हणाले, "आता आपल्या घरात चालतं तसं वाजव."