मनोगताची चार पानं

रंगनाथ सरांनी पुस्तक टेबलावर पालथं घातलं आणि त्याच्यावर चहाचा कप ठेवला.

कप गळका होता. वाचनालयातले सगळेच कप गळके होते, आणि राजेश्वरीला ते ठाऊक होतं, कारण घरातले टाकाऊ कप तिनंच तिथं आणून दिले होते. बुडाशी तपकिरी कडं हळूहळू उमटत होतं. त्याखाली, पुस्तकाच्या मागच्या बाजूला, लेखकाचा फोटो होता : आसाराम साळवे. चाळिशीचा, सावळा, कॅमेऱ्यापुढं दचकलेला माणूस. कप उचलावा, असं तिच्या मनात आलं. हात मात्र पदराच्या टोकाशीच राहिला.

"झालं," सर म्हणाले. "हे एक निकालात निघालं."

"असं कसं निघालं? आम्ही काय इथं चहाला बसलोय?" रामहरीकाकांनी विचारलं. काका निवृत्त पोस्टमास्तर. कुठलंही टपाल न फोडता परत पाठवणं त्यांच्या जिवावर यायचं.

संगमनेरातल्या एका तंबाखूच्या व्यापाऱ्यानं आपल्या आईच्या नावानं हा दगडाबाई पुरस्कार ठेवला होता. दगडाबाईंना जन्मात अक्षरओळख झाली नाही, पण मुलाच्या धंद्याला बरकत आली आणि तिचा प्रसाद जिल्ह्यातल्या नवोदित लेखकांना मिळू लागला. परीक्षक तिघं. सर कॉलेजात मराठीचे विभागप्रमुख, म्हणून ते. काकांना वेळच वेळ, म्हणून ते. आणि राजेश्वरी वाचकांची प्रतिनिधी. नववीत असताना तिचं लग्न झालं आणि शाळा सुटली. पुढं नवऱ्याच्या पेंडीच्या दुकानात गल्ल्यावर बसून तिनं वाचनालयाची कपाटंच्या कपाटं वाचून काढली. बैठकीत मात्र ती बहुधा चहाचंच बघायची.

"ग्रहताऱ्यांवरच्या गोष्टी आहेत हो," सर म्हणाले. "साहित्य म्हणजे जगलेलं. इथं पठारावर बायका हंडाभर पाण्यासाठी डोंगर उतरतात आणि हे गृहस्थ आकाशात फिरतायत. मुलांच्या मासिकाला द्या. तिथं शोभेल."

"नाथांनी डोंगरच्या डोंगर सोन्याचा केला, ते चालतं तुम्हाला. वर्गात शिकवता."

"ते मिथक आहे, काका."

"म्हणजे थाप हजार वर्षं मुरली की मिथक. लोणच्यासारखं."

"थट्टा नको."

"थट्टा कुठं करतोय? परवा गुरुवारी गणपती दूध प्यायला लागला, तेव्हा रांगेत माझ्यापुढं चमचा घेऊन कोण उभं होतं?"

सरांचे कान लाल झाले. "घरच्यांनी पाठवलं होतं. तो विषय वेगळा."

"मग? प्यायला का?"

"थोडं," सर म्हणाले.

राजेश्वरीनं पदर तोंडाला लावला. वारं फिरलं, असं तिला वाटलं. पण काकांना जिंकायची सवय नव्हती. कुठं थांबावं ते त्यांना कळलं नाही.

"माझं म्हणणं, पुस्तक उपयोगी आहे. गुरुत्वाकर्षण आहे, प्रकाशवर्ष आहे. दहावीच्या पोरांना कामाला येईल."

"ऐका! म्हणजे गाइड झालं ते." सर खूश होऊन खुर्चीत मागं रेलले. आसाराम साळव्यांना एकच वकील मिळाला होता, आणि त्यानंच त्यांना फासाखाली उभं केलं होतं.

राजेश्वरीच्या डोळ्यांपुढं 'मंदनाद' होती. पुस्तकातली तिसरी गोष्ट. एका मुलुखातली हवा अशी दाट असते, की बोललेला शब्द अंगणाच्या या टोकापासून त्या टोकाला जायला कित्येक वर्षं लागतात. तिथली माणसं फार जपून बोलतात, कारण आज रागानं टाकलेला शब्द ऐकणारा उद्या म्हातारा झालेला असेल. त्या गोष्टीत एक आई उंबऱ्यात उभी राहून खेळणाऱ्या मुलाला जेवायला हाक मारते. हाक पोचते तेव्हा मुलाच्या कानशिलांवर केस पांढरे झालेले असतात. तो उठतो, हातपाय धुतो आणि रिकाम्या घरात जाऊन पाट मांडून बसतो. एवढीच गोष्ट. ती पहिल्यांदा वाचली तेव्हा राजेश्वरीच्या पुढ्यात दूध उतू गेलं होतं आणि तिला वासही आला नव्हता. त्यानंतर ती गोष्ट तिनं आणखी दोनदा वाचली, दूध न ठेवता.

"राजेश्वरीताई, तुम्ही बोला काहीतरी. निकालपत्रावर तुमचीही सही लागते," सर म्हणाले.

"त्यातली ती 'मंदनाद'..." तिनं सुरुवात केली.

"ती आवाजाची ना? भाबडी आहे हो. रडवते. रडवायला काय, कांदासुद्धा रडवतो."

काका हसले. सरांच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता. ती रडली असेल हे त्यांच्या गावीही नव्हतं. पण तिला एकदम आपलं नववीपर्यंतचं शिक्षण आठवलं. ज्याला कांदा रडवतो आणि ज्याला साहित्य रडवतं त्यातला फरक कॉलेजात शिकवत असतील, आणि नेमकी तीच इयत्ता आपली राहिली असेल. तोंडाशी आलेलं वाक्य तिनं गिळलं. तरी पुस्तक हातचं जाऊ द्यायचं नव्हतं.

"मनोगत मात्र मनाला लागतं," ती म्हणाली.

सरांनी कप उचलून बाजूला ठेवला आणि पुस्तक उघडलं. गोष्टींच्या आधी लेखकाच्या मनोगताची चार पानं होती. मुलाच्या फीसाठी आईनं हातातली चांदीची कडी विकली. मुलगा स्टेशनवरच्या दिव्याखाली अभ्यास करत असे. एकदा दिवा गेला, तर लोकांच्या पायांखाली चिरडलेल्या पुस्तकाची पानं आईनं पहाटेपर्यंत जुळवली. सर वाचत गेले आणि दुसऱ्या पानावर त्यांनी चष्मा काढला.

"हे आहे साहित्य!" ते म्हणाले. "हा माणूस हेच लिहीत बसला असता तर? ताई, बरोबर ठिकाणी बोट ठेवलंत."

"मग पुस्तकालाच देऊ या," ती घाईनं म्हणाली. "मानपत्रात मनोगताचा उल्लेख करू."

"वरातीत नवऱ्यापेक्षा घोडा देखणा निघाला, म्हणून घोड्याला हार घालायचा म्हणा की," काका म्हणाले. पण सही त्यांनी केली.

परतताना राजेश्वरी मनातून फुलली होती. साप मेला आणि काठीही मोडली नव्हती. पुस्तकाची प्रत तिच्या पिशवीत होती. पेठेत आल्यावर तिनं ती काढून पुसली. कडं निघालं नाही. साळव्यांच्या चेहऱ्याभोवती ते नीट गोल बसलं होतं, देवाच्या तसबिरीत असतं तसं.

*

पुणतांब्याला नणंदेकडं जायचं होतंच, म्हणून निरोप द्यायचं काम तिनं स्वतःकडं घेतलं. खरं तर ती बातमी ऐकताना लेखकाचा चेहरा कसा होतो ते तिला बघायचं होतं.

साळवे तिथंच पुणतांब्यात वीज मंडळात लाइनमन होते. घरी चौकशी केली तर बायकोनं वर बोट दाखवलं. ते समोरच्या खांबावर होते.

"तुमच्या पुस्तकाला दगडाबाई स्मृती पुरस्कार मिळालाय!" राजेश्वरी खालून ओरडली.

"जयभीम, ताई! आलोच," वरून उत्तर आलं. "हितं हात सुटला, तर माज्याच नावानं स्मृती पुरस्कार निघंल."

घरात चहा आला, न गळणाऱ्या कपात. साळव्यांच्या हातात तारा कापायची पकड तशीच राहिली होती. ती उघडत-मिटत त्यांनी विचारलं, "कुठल्या गोष्टीला दिला?"

तिनं मानपत्राचा मसुदा वाचून दाखवला : मनोगतातून प्रकटणाऱ्या जीवनानुभवाच्या सच्चेपणाबद्दल.

पकड मिटली. बराच वेळ ती उघडली नाही.

"ताई, पुस्तकात तेवढंच खोटं हाय."

तिनं मसुदा घडी घालून पिशवीत ठेवला.

"प्रकाशक म्हनला, साळवे, आडनाव असलं अन् पुस्तकात तुमचं दुःख न्हाई? लोक इचारतील. चार पानं टाका सुरुवातीला. मग टाकली. आयच्या हातात कडी नव्हतीच कदी. बाप रेल्वेत गँगमन, पगार येत हुता. माजी फी माफच हुती. अन् दिव्याखाली अभ्यास म्हनाल, तर घरात लाइट हुती. मला लाइटीचं येडच त्यातून लागलं." ते हसले, पण हसू मध्येच राहिलं. "लोकान्ला काय वाचायला आवडतं ते म्या बी वाचलेलंच हाय की."

"आणि 'मंदनाद'?"

"ती खरी हाय."

त्यांनी पकड खाली ठेवली.

"नगरला होस्टेलात निघालो, तवा आय यष्टीबरूबर पळत आली. काचेवर हात मारत कायतरी म्हनली. काच उघडंना, इंजनाचा ह्यो आवाज. म्या नुसती मान हलवली, आलं ऐकू म्हनून. दिवाळीला घरी आलो तर आय न्हवती. ताप आल्ता म्हनं." ते म्हणाले, "काय म्हनली ते राहिलंच. मग एक मुलूख केला. तिथं उशिरानं का हुईना, पर पोचतं."

आत बायको भांडी लावत होती. तो आवाज थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

"त्या गोष्टीबद्दल बोललं का कुनी? बैठकीत?"

"चर्चा झाली," राजेश्वरी म्हणाली.

"तुमी वाचली?"

उतू गेलेलं दूध तिच्या अगदी ओठांवर आलं. पण तीनदा वाचली म्हटलं, की पुढचा प्रश्न आलाच असता : मग तिथं तुम्ही काय बोललात? आणि समोरचा माणूस असा होता, की त्यानं तो विचारलाही नसता. नुसतं बघितलं असतं.

"चाळली," ती म्हणाली. "सवडीनं वाचीन."

"वाचा, वाचा. सवडीनं," साळवे अदबीनं म्हणाले. मग खालच्या आवाजात, "पुरस्कार परत करू का, ताई? इचारात पडलोय. दुसऱ्या पुस्तकाच्या गोष्टी तयार हायेत. पुरस्कार मिळाला तर छापू, म्हनलाय प्रकाशक."

"परत करू नका," ती म्हणाली. "आणि कडी नव्हती, हे कुणाला सांगूही नका."

*

समारंभात सरांनी मनोगताची चारही पानं मोठ्यानं वाचली. कड्यांशी आले तेव्हा बायकांच्या बाजूला पदर डोळ्यांना लागले. तंबाखूवाल्या शेठनी भर व्यासपीठावर नाक शिंकरलं. दगडाबाईंच्या हातातही तसलीच कडी होती, असं ते शेजाऱ्याला सांगत होते. साळवे शाल पांघरून, नारळ मांडीवर धरून, दुसऱ्याचं नाव पुकारलं जात असावं तसे ऐकत होते.

"आसाराम," सर माइकवरून म्हणाले. आवाज खरंच भरून आला होता. "ग्रहतारे पुष्कळ झाले. आता जमिनीवर या. आत्मकथन लिहा. महाराष्ट्र वाट बघतोय."

टाळ्या थांबेनात. पहिल्या रांगेतला प्रकाशक उठून उभा राहिला आणि आपण छापू म्हणून त्यानं हात वर केला.

राजेश्वरी साळव्यांना स्टँडवर पोचवायला गेली. परीक्षकांपैकी कुणीतरी जायला हवं होतं आणि सरांभोवती गर्दी होती. पुणतांब्याच्या वाटेवरची कोपरगावची गाडी लागलेली होती. साळवे खिडकीशी बसले. शाल घडी करून त्यांनी नारळाखाली ठेवली होती.

"दुसऱ्या पुस्तकाचं काय म्हणाले?" तिनं खालून विचारलं.

"ते ऱ्हाऊ द्या म्हनले. आदी आत्मकथन." त्यांनी नारळाची शेंडी सरळ केली. "आता कडी इकल्यावर म्होरं काय काय झालं, ते बसून काडायला लागंल."

हसावं की नाही ते तिला कळेना. ते स्वतः हसले नाहीत.

बोलायला वेळ होता. ड्रायव्हर टपरीवर पान लावून घेत होता, कंडक्टर कुणाशी तरी हुज्जत घालत होता. राजेश्वरीनं पिशवीतली ती डाग पडलेली प्रत चाचपली, खिडकीची चौकट धरली, सोडली. गाडी कधी पोचेल ते विचारलं, नणंदेला निरोप सांगितला. मग ड्रायव्हर चढला, इंजिन थरथरून सुरू झालं, पत्र्याचा न् पत्रा खडखडायला लागला, आणि तेव्हाच तिला कंठ फुटला.

"तुमची 'मंदनाद' मी तीनदा वाचली! दूध उतू गेलं माझं! त्या दिवशी बैठकीत बोलायला हवं होतं, मी बोलले नाही! तुम्ही तेच लिहा! कडी नका लिहू!"

खिडकीत साळव्यांनी कानामागं हात धरला. ओठ हलताना त्यांना दिसत होते. त्यांनी मान हलवली, ऐकू न आलेला माणूस हलवतो तशी.

आणि इंजिन बंद पडलं.

एक आचका देऊन गाडी जागच्या जागी गप्प झाली. सगळा स्टँड एकाएकी इतका शांत वाटला, की टपरीवरची कपबशी वाजलेली ऐकू आली. साळव्यांनी काच पुरती सरकवली, डोकं बाहेर काढलं. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं, की राजेश्वरी अर्धं पाऊल मागं सरली.

"काय म्हनलात, ताई?"

तिनं पिशवी छातीशी धरली. "सावकाश जा म्हटलं."

"येवढंच?"

"एवढंच."

ते तिच्याकडं बघत राहिले. मग हळूहळू त्यांचा चेहरा निवला, कितीतरी वर्षांपूर्वी काचेबाहेर राहिलेलं एकदाचं पोचावं तसा. त्यांनी मान हलवली. गाडी दुसऱ्या झटक्याला सुरू झाली आणि फाटकातून बाहेर वळली.

या खेपेला त्यांना सगळं नीट ऐकू आलं होतं.