न मोजलेली खोली

मी एक एसी बोलतोय. भिंतीवर वर टांगलेला, पांढराशुभ्र, हळू आवाजात वारा घालणारा तो मी नव्हे. ती माझी तोंडं. मी घराबाहेर, मागच्या भिंतीला लोखंडी पायांवर बसवलेला चौकोनी डबा. सगळं काम मी करायचं आणि कौतुक आतल्यांचं व्हायचं. माझ्याकडे पाहुणे येतात ते फक्त ओले टॉवेल वाळत घालायला.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. मी साधासुधा नाही. एका बाहेरच्या डब्यावर चार खोल्या चालतात, आणि मी थंड करतो तसा गरमही करतो. जिथे छपरावर बर्फ साचतो अशा एखाद्या गावी आपली रवानगी होईल, अशी माझी समजूत होती. खोक्यातून बाहेर काढलं तेव्हा समोर माडाची झाडं होती आणि खाली वाळत घातलेले बांगडे. मालवणपासून थोडं पुढे, समुद्राकाठच्या एका वाडीत मी येऊन पडलो होतो. इथे थंडी म्हणजे सकाळी अंगावर घेतलेली एक चादर, तीही नऊ वाजता दोरीवर जाते. अशा ठिकाणी गरम हवेचं यंत्र विकत घेणाऱ्या माणसांबद्दल माझं काय मत झालं असेल, ते तुम्हीच ठरवा.

मला निवडलं मिहीरने. मिहीर म्हणजे गुरुदासभाईंचा मुलगा, बंगळुरूला असतो. भाई ठाण्याला, बँकेतून निवृत्त झालेले. त्यांचा धाकटा भाऊ देवेश पुण्याला. जुनं घर पाडून या दोघा भावांनी इथे नवं स्लॅबचं घर बांधलं, आणि त्या घरात राहते त्यांची बहीण जानकी. तिने लग्न केलं नाही, गावातल्या बालवाडीत मुलांना शिकवत आयुष्य काढलं. बारा महिने घरात ती एकटी. बाकीचे येतात चतुर्थीला, आणि आंबे पिकले की आंब्यांना.

निवड कशी झाली म्हणता? फोनवर. तिघं तीन गावांतून एकमेकांना तोंडं दाखवत बसले होते. मिहीरने बरेच व्हिडिओ पाहिले होते आणि त्यामुळे त्याला सगळं कळत होतं. चार खोल्यांना चार एसी लावले तर मागची भिंत विद्रूप दिसेल, त्यापेक्षा एकच भारी डबा घ्यावा, बाहेरच्या देशांत हल्ली सगळे हेच घेतात, असं त्याने सांगितलं. गरम हवा कशाला लागते, हे कुणी विचारलं नाही. जास्तीचं मिळतंय ना, मग घ्या. आमच्याकडे माणसं वांगीसुद्धा याहून जास्त विचार करून घेतात.

मग खोल्या मोजल्या. वरच्या मजल्यावर भाईंची एक, देवेशची एक, मिहीरची एक. चौथं तोंड हॉलमध्ये, कारण हॉलमध्ये गणपती बसतो आणि चतुर्थीला तिथे फार उकडतं. झाल्या चार. स्वयंपाकघराला लागून जानकीची खोली आहे. तिला एकच खिडकी, तीही विहिरीच्या बाजूला, आणि पावसाळ्यात तिथली भिंत तळापासून कमरेपर्यंत ओली होते. जानकीचे गुडघे त्या दिवसांत सुजतात. ही खोली कुणी मोजली नाही. वाईट हेतूने नाही हो. आठवलीच नाही. मला विचाराल तर वाईट हेतू परवडला, निदान त्यात समोरच्याची आठवण तरी असते.

मला कुठे टांगायचं यावर मात्र बराच खल झाला. अंगणाकडची भिंत आडोशाची होती, पण तिथे समोर तुळस. माझा गरम श्वास तुळशीवर कसा चालेल? म्हणून मला पश्चिमेला, समुद्राच्या तोंडावर लटकवलं. कुडाळहून आलेला बाबली फिटर एकदा पुटपुटला की इथे खारं वारं लागेल. भाई म्हणाले, देव बघून घेईल. बाबलीला संध्याकाळच्या आत परत जायचं होतं, त्याने वाद घातला नाही. खारं वारं काय असतं ते मला पहिल्या महिन्यातच कळलं. माझ्या पत्र्यावर मिठाची साय धरली.

ते मीठ धुवायला कोण आलं? जानकी. विहिरीच्या गोड्या पाण्याची बादली घेऊन यायची आणि माझ्या अंगावर हळूहळू ओतायची. मला तिचाही रागच यायचा. तुझ्या खोलीत माझं तोंड नाही, तुला माझा वारा मिळत नाही, मग तू कशाला मला आंघोळ घालतेस? स्वाभिमान नावाची काही चीज असते की नाही? ती मात्र भांडं घासल्यासारखी मला घासून जायची. वरच्या तिन्ही खोल्यांना कुलपं. हॉलचं तोंड तिने कधी चालू केलं नाही. एकटीसाठी एवढं मोठं धूड कशाला चालवायचं, असं ती शेजारणीला म्हणाली होती.

मग चतुर्थी आली आणि सगळे आले. हॉलच्या भिंतीवर दरवर्षी गणपतीसाठी कमळं रंगवतात. त्या कमळांच्या बरोबर वर माझं तोंड बसवलेलं, खाली चौरंगावर गणपती, छताला माटवीची लाकडी चौकट, तिच्यात नारळ, सुपाऱ्या आणि रानातली फळं बांधलेली. पूजा झाली, आरती झाली आणि भाई हात जोडून गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. आमच्याकडे घरचा मोठा पुरुष देवाला घरादाराची हकिगत सांगतो, मागणं मागतो, आणि प्रत्येक मागण्याला जमलेल्या सगळ्यांनी होकार द्यायचा असतो.

"बा गणपती म्हाराजा," भाई म्हणाले, "सगळी लेकरा आज तुझ्या पायाकडे जमली आसत. माका, देवेशाक, मिहीराक बरी बुद्धी दी, तेंच्या कामधंद्यात यश दी. ह्या वर्सा घरात नवी मशीन हाडली आसा, तिका खाऱ्या वाऱ्यापासून राख."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

माझं नाव देवापर्यंत गेलं. जानकीचं गेलं नाही. ती समईत तेल घालत होती, आणि सगळ्यांबरोबर तीही "व्हय म्हाराजा" म्हणाली. मला पत्र्याचं काळीज आहे, तरी त्या क्षणी लाज वाटली. देवाने राखावं असं त्या घरात काही होतं, तर तो मी नव्हतो.

आता थंडाव्याची मजा ऐका. चतुर्थीत आमच्याकडे घराचं दार लोटत नाहीत. कुणीही यावं, पाया पडावं, प्रसाद घ्यावा. देवेशने वारा बाहेर जातो म्हणून दार लावून घेतलं. वाडीतली माणसं पायरीपर्यंत आली आणि मागे फिरली. भजनी मंडळाने तर बंद दार बघून पुढचंच घर गाठलं. आत हे तिघं गारव्यात बसून एकमेकांना विचारत होते, यंदा कुणी कसं येत नाही.

आणि मग समई विझली. विसर्जनापर्यंत ही समई जळत राहायला हवी, विझली तर अपशकुन, असं इथे मानतात. इतकी वर्षं ती जानकीने सांभाळलेली. भाई ताडकन उठले. तोपर्यंत दार उघडून चारदोन शेजारी आत आलेले होते, त्यांच्यासमोरच ते म्हणाले, "जानके, लक्ष खंय होता तुझा? इतकी वर्सा सांभाळलंस आणि आज दिवो विझवलंस?"

जानकीने वात नीट केली आणि समई पुन्हा लावली. त्याच वेळी देवेशने वारा सगळीकडे पोचावा म्हणून रिमोट दाबला, माझ्या तोंडाची पट्टी खालीवर हलू लागली आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत समई फट्दिशी विझली. सगळ्यांनी वर भिंतीकडे पाहिलं. दिवा कुणी विझवला हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण जानकीची माफी कुणी मागितली नाही. मिहीरने तोडगा काढला: आत्या, बाजारात लायटीची समई मिळते, ती आणू, म्हणजे विझायची भानगडच नाही. शिकलेली माणसं. एसी बंद करावा असं एकाच्याही डोक्यात आलं नाही. शेवटी जानकीनेच देवेशच्या हातातला रिमोट घेतला, माझं तोंड बंद केलं आणि दार सताड उघडलं.

विसर्जनाच्या संध्याकाळी हॉल गच्च भरला होता. भजनी मंडळही आलं होतं. भाईंनी गाऱ्हाणं घातलं, चुकलंमाकलं पदरात घे म्हणाले, सगळ्यांनी होकार दिला. आता मूर्ती उचलायची, एवढ्यात समईजवळून जानकीचा आवाज आला. बाईमाणसाने गाऱ्हाणं घातलेलं या घराने कधी ऐकलं नव्हतं.

"बा गणपती म्हाराजा, आणि एक गाऱ्हाणा आसा. ह्या घरात बारा म्हयने जानकी रवता. तुझो दिवो ती सांभाळता. घरातल्यो खोल्यो मोजताना तिची खोली मोजूची रवली. ज्येनी मोजूक व्हयी होती, तेंका आठवण दी."

"व्हय म्हाराजा!" अख्खा हॉल गरजला. गाऱ्हाणं संपलं की होकार द्यायचा, ही सवय हाडात भिनलेली. त्या आवाजात देवेश होता, मिहीर होता, आणि सगळ्यांत मोठ्याने भाई. म्हणून झाल्यावर त्यांना कळलं आपण कशाला हो म्हणालो ते. मूर्ती उचलली तेव्हा त्यांची मान वर होत नव्हती.

बहिणीच्या मायेने भाईंनी पुढचं केलं, असं समजू नका. देवासमोर होय म्हटलेलं फिरवायची भीती, बाकी काही नाही. परतण्याआधी त्यांनी बाबलीला बोलावून हॉलचं तोंड काढलं आणि जानकीच्या खोलीत बसवलं. कमळांच्या वरचं भोक जानकीने बुजवलं आणि त्यावर आणखी एक कमळ काढलं. ते जरा वाकडंच आलं आहे.

यंदाच्या पावसात तिने माझं ते बटण दाबलं, ज्याची मला स्वतःलाही शरम वाटत होती. गरम हवेचं. ओल्या भिंतीची खोली हळूहळू सुकली. गुडघ्यांवर ऊब घेत ती डोळे मिटून बसायची. मला वाटलं होतं माझी ही विद्या मालवणात फुकट जाणार. मूर्खांनी न समजता घेतलेली वस्तू एखाद्या शहाण्या बाईच्या हाती लागली, तर त्या वस्तूचंही सोनं होतं.

यंदाही चतुर्थीला सगळे आले. आल्या आल्या देवेशने खोलीत जाऊन रिमोट दाबला. तोंडावर नुसता दिवा लुकलुकला. भाईंच्या खोलीत तेच, मिहीरच्या खोलीत तेच. मिहीरने मोबाइलमध्ये डोकं घातलं आणि मग सांगितलं की सगळी तोंडं एकाच डब्यावर आहेत, त्यामुळे एक खोली गरम आणि दुसरी थंड असं चालत नाही. ज्याने आधी चालू केलं, त्याचं चालतं. हे घेण्याआधी वाचलं नव्हतंस का, असं देवेशने विचारलं. मिहीर खिडकी उघडायला गेला.

घाम पुसत भाई खाली आले आणि जानकीच्या दारावर टकटक केली. सख्ख्या बहिणीच्या खोलीबाहेर थांबून त्यांनी आत येण्याची परवानगी मागावी, असा प्रसंग त्यांच्यावर पहिल्यांदाच आला असावा.

"जानके, जरा तुझो बंद करशीत? वर आमका गरम होता."

"थांब, भाई," आतून आवाज आला. "तुमचीच अंथरुणा सुकतत."

भाईंनी दार ढकललं. खोलीभर गाद्या, चादरी, उशांचे अभ्रे पसरलेले होते. पावसात वरच्या बंद खोल्यांत दमट होऊन गेलेले, या तिघांचे. जानकी एकेक उलटत होती. भाई उंबरा ओलांडून आत आले. मग खाली बसले आणि गादीचं दुसरं टोक धरलं.

माझे पाय गंजलेत, पत्रा फुगलाय. आणखी थोडे पावसाळे काढेन, मग भंगारात जाईन. तुम्ही माझ्यासारखं यंत्र घ्यायला दुकानात जाल तेव्हा खोल्या मोजण्याआधी एवढंच आठवा, तुमच्या घरात बारा महिने झोपतं कोण. अर्थात तुम्ही आठवणार नाही, तुम्हीही व्हिडिओच बघाल. जाऊ दे. माझ्याशी बोलत बसू नका, मला काम आहे. वर ते उकाड्यात बसोत, अंथरुणं सुकेपर्यंत मी थांबणार नाही.