होकायंत्र नाही म्हणालं

माझी भाची शिवांजली. तिनं दीड वर्ष खपून फवारणीचा ड्रोन स्वतः जोडला. त्याला उडवणारा प्रोग्राम मात्र जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेला. कुणीही वाचावा, हवा तसा बदलावा, तोही फुकट. मी सुभेदार म्हणून निवृत्त झालो. फौजेत फुकट फक्त शिव्या मिळायच्या, म्हणून माझा काही विश्वास नव्हता. पण रोज संध्याकाळी तिच्याशेजारी खुर्ची ओढून बसता बसता मलाच नाद लागला. वारा आला तर? बॅटरी संपत आली तर? रिमोटचा संपर्क तुटला तर? प्रत्येक प्रश्नावर आधीच कुणीतरी डोकं चालवलेलं. संपर्क तुटला की यंत्र आपलं आपण निघाल्या जागी परत येतं, हे ऐकून तर मी चाटच पडलो. आमच्या कंपनीतले निम्मे जवान एवढे शहाणे नव्हते.

परवानगीचे कागद झाले आणि आष्ट्याजवळ जयराजच्या उसात चाचणी ठरली. तीस-चाळीस शेतकरी बांधावर जमले. आज उडालं तर हंगामाची फवारणी शिवांजलीकडे, नाहीतर बाहेरच्या कंपनीकडे, असं सरळ ठरलं होतं.

तिनं रिमोटची कांडी ओढली. पंखे हललेच नाहीत. लॅपटॉपवर लाल ओळ आली.

"ह्यात दोन होकायंत्रं हायती, मामा. दोघं दोन दिशा सांगत्यात. जवळ लोखंड असंल," ती म्हणाली.

मोटारसायकली लांब लावल्या, कोयते हलवले, ड्रोनची जागा तीनदा बदलली. लाल ओळ तशीच. बांधावर कुजबुज सुरू झाली.

"आगं, ती तपासनीच बंद कर की," जयराज म्हणाला. "समदं बदलता येतं म्हनलीस न्हवं?"

"येतं. एक आकडा बदलला की गप बसंल."

"मग बदल की!" मी खेकसलो. "लोकं उन्हात उभी हायती."

तिनं पलीकडच्या रानाकडे हात केला. मनुबाई आणि चार बायका तिथं तण भांगलत होत्या. "दिशा चुकून ह्ये त्यांच्यावर गेलं तर? मामा, प्रोग्राम उघडा ठेवलाय त्यो वाचाय. डोळं झाकाय न्हवं. कुनाचं तरी यंत्र पडलं आसंल, तवाच कुनीतरी ही तपासनी लिवली आसंल."

मग ती बांधावर बसली आणि स्वतःशीच बोलू लागली. "काल सांजच्याला बराबर हुतं. तवापासनं काय बदललं?"

तेव्हा माझं लक्ष ड्रोनच्या दांड्याकडं गेलं.

नकाशा वाचायच्या वर्गात पहिलाच धडा असतो: होकायंत्र धरताना रायफल लांब ठेवायची. मी स्वतः तो पोरांना शिकवला. विसरणाऱ्याला मैदानाच्या पाच फेऱ्या मारायला लावल्या. आणि त्याच सकाळी मी घोड्याच्या नालेची अंगठी काळ्या दोऱ्यात ओवून ड्रोनच्या दांड्याला बांधली होती, वरून काळी टेप. दिशा त्या दांड्यावर कळते असं शिवांजलीनंच सांगितलं होतं, म्हणून राखणही तिथंच. गेल्या महिन्यात पंख्याच्या पात्यानं तिच्या बोटाला चार टाके पडले, तेव्हापासून मला धड झोप नव्हती. दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवरच्या लिंबू-मिरचीला हसणारा मीच तो.

"आज उडवत न्हाई," ती उठून म्हणाली. माणसं चपला घालू लागली.

गुपचूप काढली असती तर कुणाला पत्ता लागला नसता. यंत्र उडालंही असतं. पण लाल ओळ का आली होती हे पोरीला कधीच कळलं नसतं, आणि पुढच्या वेळी तिनं त्या ओळीवर भरवसा ठेवला नसता.

"शिवा, थांब," म्हणालो आणि सगळ्यांदेखत टेप उचकटली.

"आवं सुभेदार, तुमी?" जयराज पोट धरून हसला. बांधच हसला. माझे कान तापले.

शिवांजली हसली नाही. तिनं अंगठी सोडवून माझ्या हातात ठेवली. "जवळ धरा. आता लांब. परत जवळ." पडद्यावर बाण वळायचा आणि सरळ व्हायचा. सहा वेळा करायला लावलं तिनं. हसणारी माणसं एकेक करत पडद्याभोवती गोळा झाली. "मला धरू द्या की," म्हणत जयराजनंही दोनदा धरली.

मग तिनं मनुबाईंच्या टोळीला लांब जायला सांगितलं. रिकाम्या टाकीनं आधी डोक्याएवढं उडवलं, उतरवून पुन्हा तपासलं आणि मग औषध भरलं. चार सऱ्या झाल्यावर जयराज म्हणाला, "उद्या माझ्या आळीतल्या समद्यांच्या रानाचं बी करून टाक."

संध्याकाळी ती प्रोग्रामवाल्यांच्या चर्चापानावर लिहायला बसली. "उडवायच्या आधी घरच्यांस्नी इचारा, काय बांधलंय का, ह्ये लिवते मामा. इकडं लय जन बांधत्यात. तुमचं नाव न्हाई घालत."

"घाल," मी म्हणालो. "सुभेदार हंबीरराव, आष्टा. हुद्द्यासकट घाल. न्हाईतर लोकं म्हनतील, पोरगी चुकली."