खडखडबाईंचं गवत

तिच्या पहिल्या प्रदर्शनातली चित्रं सगळी तुंबलेल्या गटारांची होती. तरी समीक्षकाने लिहिलं, 'रेषारेषांतून वडिलांच्या व्हायोलिनचे सूर झरतात.' गटारातून सूर झरवणाऱ्या त्या गृहस्थाला कोपरापासून हात जोडून तिने ब्रश गुंडाळून ठेवले.

मग ती मातीची भांडी करायला शिकली. चाक जरा डुगडुगत होतं, म्हणून भांडी एका बाजूला कलली. लोक म्हणाले, 'लय आहे हो, घरचीच लय!' फोटोंचं प्रदर्शन भरवलं, तर आलेल्यांनी तिच्या फोटोंकडे पाठ करून बाबांबरोबर फोटो काढून घेतले. कवितांचं पुस्तक काढायला गेली, तर प्रकाशक म्हणाला, "मुखपृष्ठावर बाबांना टाकू या का? छोटेसेच." आणि जो भेटेल तो मान डोलवून म्हणे, "खाण तशी माती!" शेवटी मातीचं डोकं फिरलं.

बाबांचा यात काहीच दोष नव्हता, असं मात्र म्हणवत नाही. "ही माझी मुलगी बरं का," हे वाक्य ते लिफ्टमधल्या अनोळखी माणसालाही ऐकवत.

म्हणून तिने आईचं आडनाव लावलं आणि एका स्टुडिओच्या तळघरात काम धरलं. घरी सांगितलं, ऑफिसात नोकरी लागली. त्या तळघरात सिनेमातले आवाज बनत. पडद्यावर नायक चिखलातून चालला, की ती ओली फडकी बडवी. कबुतरं उडाली, की चामड्याचे हातमोजे फडफडवी. कुणाचं हाड मोडलं, की गाजर मोडी आणि मग ते खाऊन टाकी. सगळे तिला खडखडबाई म्हणत. इतकी सुखी ती आजवर कधीच नव्हती.

एका सिनेमाच्या शेवटी एक बाई घर सोडून वाळल्या गवतातून चालत जाते, असा प्रसंग होता. खरं गवत माइकसमोर कागद फाडल्यासारखं वाजे. पण जुन्या कॅसेटींमधली फीत उपसून तिचा ढीग केला आणि त्यावरून चाललं, की हुबेहूब वाळलं गवत! आता इतक्या कॅसेटी कुणाकडे असणार? बाबांच्या कपाटात एकेका मैफलीच्या ढीगभर प्रती धूळ खात पडल्या होत्या. तिने पिशवी भरून आणली, फिती मोकळ्या केल्या आणि अनवाणी पायांनी वडिलांच्या अख्ख्या कारकिर्दीवरून शांतपणे चालत गेली.

पंचाईत एवढीच, की त्या सिनेमाचं संगीत बाबांचंच होतं.

सगळे आवाज एकत्र जुळवायच्या दिवशी दिग्दर्शकाने तो प्रसंग आधी व्हायोलिनसकट ऐकला, मग नुसत्या पावलांवर ऐकला. मग म्हणाला, "व्हायोलिन काढा. बाई एकटी चाललीय. तिच्यामागे कुणी वाजवायला नको."

ध्वनिमुद्रक धापा टाकत तळघरात आला. "खडखडबाई, पळा! म्हातारा भडकलाय. गवत कुणी केलं, ते बघायचं म्हणून खाली येतोय."

पळणार कुठे? दार एकच होतं. बाबांच्या रागाची तिला भीती नव्हती. भीती होती ती त्या एका वाक्याची. ते तोंडातून निघालं, की उद्यापासून हे गवतही बाबांचंच.

बाबा आत आले आणि थबकले. समोर लेक अनवाणी उभी, पायाशी फितींचा ढीग, आणि कॅसेटींच्या रिकाम्या डब्यांवरून त्यांचाच चेहरा त्यांच्याकडे बघून हसत होता.

"तू? आणि ऑफिस?"

"हेच."

त्यांनी एक डबी उचलली. "ही माझी सगळ्यात गाजलेली मैफल आहे."

"हो. फीतही तिचीच उत्तम निघाली. बाकीच्या ओल्या गवतासारख्या वाजतात."

बाबांच्या मिशा थरथरल्या. त्यांनी बूट काढले, ढिगात पाय ठेवला आणि डोळे मिटून दोन पावलं चालले. पुन्हा मागे येऊन तीच दोन पावलं चालले.

तेवढ्यात दिग्दर्शक जिना उतरून आला. "अरे वा! तुमची ओळख आहे की काय?"

बाबांचा चेहरा नेहमीसारखा फुलला. 'ही माझी' इथपर्यंत ओठ आलेसुद्धा. तिला ते स्पष्ट दिसलं. मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि वाक्य गिळून टाकलं.

"छे! ओळख कसली?" ते बूट चढवत म्हणाले. "काम चोख आहे. पण भलतीच उद्धट आहे हो. कुणाची पोर आहे, कोण जाणे!"

आणि मागे वळूनही न बघता ते जिना चढून गेले. तिला वाटलं, धावत जावं आणि बाबांच्या गळ्यात पडावं. पण तसं केलं असतं, तर सगळं मुसळ केरात गेलं असतं. ती ढिगातच उभी राहिली.

"काय बोललात हो त्यांना?" दिग्दर्शक घाबरून म्हणाला. "जा, आधी माफी मागून या."

"नाही मागणार," ती म्हणाली आणि तिने बाहीने डोळे पुसले.