पहिल्या ओळीतलं ‘ठीक नाही’

सकाळचे सहा वाजले होते. मुलगा चहाचा कप पुढ्यात घेऊन बसला होता आणि चहावर केव्हाच साय धरली होती.

“झोप लागली का रे?” आईने विचारलं.

“लागली.”

“डोळे तर वेगळंच सांगतायत. कालचा डबाही तसाच परत आलाय.”

“ठीक आहे गं मी.”

वर्तमानपत्राआडून वडिलांचा आवाज आला, “काही झालेलं नाही त्याला. सत्ताविसावं म्हणजे हत्ती पचवायचं वय! मी एकतीस वर्षं बस चालवली, पण आजारपणाची एक रजा घेतली नाही. छातीत धडधडतं, कशात मन लागत नाही, असले लाड आमच्या वेळी नव्हते.”

महिन्याभरापूर्वी मुलाने धीर एकवटून वडिलांना हे सांगितलं होतं. छातीत धडधडतं, कशात मन लागत नाही. तेव्हापासून त्याचेच शब्द त्याला रोज सकाळी असे परत मिळत. मग त्याने सांगणंच बंद केलं. कोणी काही विचारलं, की ‘ठीक आहे’. आपल्यापैकी किती घरांत हे असंच चालतं, ते ज्याने त्याने आठवून बघावं.

मुलगा टॉवर क्रेन चालवायचा. बावीस मजली इमारतीचं काम चालू होतं आणि त्या सगळ्याच्या वर, लोखंडी शिडीच्या टोकाला, त्याची काचेची केबिन होती. साइटवर त्याला नावाने कोणी हाक मारत नसे. सगळे त्याला ‘वरचा’ म्हणत. “आपलं काय, सगळं वरच्याच्या कृपेने चाललंय!” हा विनोद रोज एकदा तरी व्हायचा. पण विनोदात कौतुक होतं. दोन टन सळयांचा भारा तो असा अलगद टेकवायचा, की खाली ठेवलेला चहाचा ग्लासही हिंदकळू नये.

केबिनमधून सगळं दिसतं असं लोकांना वाटतं. तसं नसतं. इमारतीच्या पलीकडची बाजू वरून मुळीच दिसत नाही. तिथे खाली उभं राहून वॉकीटॉकीवर इशारे देणाऱ्या माणसाच्या आवाजावर भार उतरवावा लागतो. तो आवाज मामांचा; साइटवर सगळेच त्यांना मामा म्हणत. मामा साठीला टेकलेले, पांढऱ्या भरघोस मिशांचे आणि कामात फार कडक.

आदल्या दिवशी, पलीकडच्या बाजूला भारा उतरत असताना मामा म्हणाले, “थांब.” भारा थांबला नाही. “थांब रे!” तरी तो खाली येतच राहिला. तिसऱ्यांदा मामा जिवाच्या आकांताने ओरडले तेव्हा क्रेन थांबली. खाली वाकून लोखंड बांधणाऱ्या आठ माणसांच्या डोक्यावर, जेमतेम हातभर अंतरावर, भारा झुलत राहिला. त्या आठ जणांना ते कळलंही नाही.

संध्याकाळी शिडीच्या पायथ्याशी मामांनी विचारलं, “काय झालं होतं?”

“काही नाही मामा. ठीक आहे.”

“मी तीनदा ओरडलो, पोरा.”

त्याला मामांचा आवाज ऐकूच आला नव्हता. कित्येक आठवडे हे असं व्हायला लागलं होतं. समोर सगळं दिसत असे, पण आपण तिथे नाहीच आहोत असं वाटत राही. रात्रभर छताकडे बघत तो त्या आठ जणांची डोकी मोजत होता. आणि सकाळी तो फाटकापाशी येऊन उभा राहिला.

फाटकापाशी एक रजिस्टर असे. कामाला हात लावण्याआधी प्रत्येकाने नाव लिहायचं, सही करायची आणि ‘आज तब्येत कशी आहे?’ या रकान्यात उत्तर लिहायचं, असा नियम होता. वरच्याला शिडी चढायची म्हणून तो सर्वांत आधी येई आणि पहिल्या ओळीत ‘ठीक’ लिही. मागून येणारे सव्वीस जण त्या शब्दाखाली ‘वरीलप्रमाणे’ म्हणून दोन रेघोट्या ओढून मोकळे होत. दीड वर्ष हाच शिरस्ता होता. एका माणसाच्या ‘ठीक’वर सगळी साइट ठणठणीत!

त्या दिवशी त्याचं पेन रकान्यावर थबकलं. शिडी समोर होती. रोजच्यासारखं ‘ठीक’ लिहिलं असतं तर कोणी विचारणार नव्हतं. नाही लिहिलं तर नोकरी जाईल, वडील तोंडावर हसतील, साइटवर टिंगल होईल. आणि लिहिलं तर? तर खाली आठ माणसं होती.

त्याने लिहिलं, ‘ठीक नाही’. मग हेल्मेट काढून तो शिडीशेजारच्या फळीवर बसून राहिला.

वाचकहो, बावीस मजल्यांइतकं उंच रोज चढायला छाती लागतेच. पण ते दोन शब्द लिहायला त्याहून मोठी छाती लागली!

पुढे जे झालं ते मात्र या साइटवरच होऊ शकत होतं. सव्वीस जण नेहमीप्रमाणे गप्पा मारत आले आणि न वाचताच दोन-दोन रेघोट्या ओढून आत गेले. आठ वाजता इंजिनियर साहेबांनी रजिस्टर उघडलं आणि त्यांचे डोळे पांढरे व्हायची वेळ आली. सत्तावीसच्या सत्तावीस माणसं ‘ठीक नाही’!

“संप आहे की साथ आलीय?” साहेब गरजले. सगळे गोळा झाले. काय घोटाळा झालाय ते कळल्यावर हशा पिकला. साहेबांना मात्र हसू येईना. ते तडक फळीपाशी आले.

“ताप आहे?”

“नाही साहेब.”

“हातपाय धड आहेत?”

“हो. पण... डोकं ठिकाणावर राहत नाही. झोप नाही. मी वर जाणं बरोबर नाही.”

“आज बाराव्या मजल्याचा स्लॅब आहे! मूड नाही म्हणून क्रेन बंद ठेवू? शेंबडं पोरही सबब सांगताना ताप तरी सांगतं!”

मग मामा पुढे झाले.

“साहेब, क्रेनच्या तारेच्या दोराची एक तार तुटलेली दिसली तर तुम्ही काय करता?”

“क्रेन थांबवतो. हा काय प्रश्न झाला?”

“सगळा दोर तुटेपर्यंत वाट नाही ना बघत? मग हा पोरगा वेगळं काय करतोय? काल मी तीनदा ‘थांब’ म्हणून ओरडलो तेव्हा भारा थांबला. खाली आठ जण होते. आज ‘ठीक’ लिहून तो गुपचूप वर गेला असता तर तुम्हाला कळलंही नसतं. त्याने स्वतःची नोकरी पणाला लावून तुम्हाला आधी सांगितलं. त्याला शाबासकी द्यायची की शिव्या, ते तुम्ही ठरवा!”

त्या आठांपैकी काही जण तिथेच उभे होते. हसणं एकदम थांबलं. साहेबांचा चेहरा उतरला. थोडा वेळ ते रजिस्टरच चाळत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, “आज क्रेन बंद. मी दुसरा ऑपरेटर बोलावतो. आणि बाकीच्यांनी इथे या. ज्याचं खरंच ठीक आहे त्याने रेघोट्या खोडून स्वतःच्या हाताने लिहायचं.”

एकेक जण येऊन लिहून गेला. शेवटी तीन ओळी तशाच राहिल्या. साइटवरचा सर्वांत दांडगा वेल्डर पुढे आला, त्याने रजिस्टरकडे बघितलं आणि पेन परत ठेवून म्हणाला, “साहेब, माझ्या रेघोट्या राहू द्या तशाच.” सुताराने आणि वायरमननेही आपल्या रेघोट्या खोडल्या नाहीत. या वेळी कोणीही हसलं नाही.

मामा फळीवर पोराशेजारी येऊन बसले.

“एक विचारतो, खरं सांग. जीव नकोसा होतो का रे?”

“नाही मामा. पण सकाळ नकोशी होते. चार महिने झाले.”

“कधी तसं वाटलंच, तर त्याच क्षणी मला सांगायचं. आणि आता मनाच्या डॉक्टरांकडे जायचं. मी जाऊन आलोय.”

“तुम्ही?”

“बायको गेली त्या वर्षी. आठ महिने जात होतो. गोळ्या घेतल्या, बोललो, रडलोसुद्धा. मिशी काही गळून पडली नाही!” मामांनी मिशीला पीळ दिला. “पलीकडची बाजू तुला दिसत नाही, म्हणून माझ्या आवाजावर भार उतरवतोस ना? त्यात कमीपणा वाटतो का कधी? मनालाही पलीकडची बाजू असते, बाबा. तिथेही दुसऱ्याचे डोळे लागतात.”

चार महिन्यांत पहिल्यांदाच तो हसला आणि हसता हसता रडला.

दुपारी तो घरी आला तेव्हा वडील दारातच होते. त्याने सगळं सांगून टाकलं. सुट्टी, रजिस्टर, ते आठ जण, मामांनी ठरवून दिलेली डॉक्टरांची वेळ. आता काय ऐकावं लागणार म्हणून तो मान खाली घालून उभा राहिला. वडील खुर्चीत बसले.

“एकदा भर रस्त्यात मी बस बाजूला घेतली होती,” ते म्हणाले. “चाळीस पॅसेंजर होते. हात असे कापत होते, की स्टिअरिंग धरवेना. इंजिन गरम झालंय, असं सांगितलं सगळ्यांना. वीस मिनिटं बॉनेट उघडून उभा राहिलो. इंजिन गार होतं रे!”

आई स्वयंपाकघराच्या दारात आली होती. इतक्या वर्षांत तिनेही हे ऐकलं नव्हतं.

“पुढेही कितीदा तसं झालं. मी कोणाला बोललो नाही आणि त्यालाच हिंमत समजत राहिलो. हिंमत तू केलीस. आणि मी तुला रोज टोमणे मारत होतो. चुकलं माझं!” वडिलांनी डोळे पुसले आणि उठून शर्ट चढवला. “डॉक्टरांची वेळ कितीची आहे? मीही येतो.”

जादू काही झाली नाही. डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं, गोळ्या दिल्या, दर आठवड्याला बोलायला बोलावलं. आधी थोडी झोप आली, मग थोडी भूक. सहा आठवड्यांनी डॉक्टरांनी कामावर जायची परवानगी दिली. फाटकापाशी रजिस्टर होतंच. पण आता रकान्यात रेघोट्या चालत नव्हत्या. प्रत्येक जण आपापलं लिहीत होता आणि साहेब रोज वाचत होते. दोन दिवसांपूर्वी खुद्द साहेबांच्याच ओळीत लिहिलं होतं, ‘झोप नीट नाही.’

तो शिडी चढला. केबिनमध्ये बसताच वॉकीटॉकी खरखरली.

“वर सगळं ठीक?”

त्याने आधी दोन क्षण स्वतःलाच विचारलं.

“आज ठीक आहे मामा. नसेल तेव्हा सांगेन.”

“बस्स! मग उचल!”

मित्रांनो, सोसत गप्प राहणं म्हणजे मर्दपणा, असं आपल्या मुलांना शिकवणारे आपणच आहोत. ते बंद करू या. मन आजारी पडतं तसं ते बरंही होतं, फक्त वेळेवर सांगायला हवं आणि सांगणाऱ्याला ऐकणारं कोणीतरी भेटायला हवं. म्हणून घरातल्या तरुण मुलाला आज विचारा, “कसा आहेस?” आणि तो ‘ठीक आहे’ म्हणाला तर चटकन उठू नका. त्याच्याजवळ आणखी थोडा वेळ बसा.